बूच कुठं कुठं जातो?

पाण्याच्या टाक्या धुणाऱ्या माणसाला सहसा कुणी नावानं हाक मारत नाही. 'टाकीवाला आलाय' म्हटलं की काम भागतं. पण या टाकीवाल्याला लोकांनी एक नाव दिलं होतं, आणि ते त्यानं स्वतःच्या जिभेनं कमावलं होतं. सगळे त्याला कशालाकाका म्हणत.

इमारतीचा सेक्रेटरी म्हणाला, "काका, यंदा टाकीला आतून रंग मारून घेऊ," की टाकीच्या तोंडातून काकांचं डोकं वर येई आणि विचारी, "कशाला? आत बसून बघणार कोण?" कुणी सुगंधी जंतुनाशक घालायला सांगितलं की काका म्हणत, "कशाला? पाणी प्यायचंय का हुंगायचंय?" तीन वेळा घासा म्हटलं तर दोनदा घासून बोट फिरवून दाखवत आणि म्हणत, "आता तिसऱ्यांदा घासलं तर सिमेंट निघेल." स्वतःचंच काम कमी करणारा कामगार कुठं मिळतो? त्यामुळे काकांना काम कधी शोधावं लागलं नाही. कामच त्यांना शोधत येई.

घरात मात्र या गुणाचं कौतुक कमी होतं. काकूंचं कपडे आखूड-सैल करून द्यायचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. दाराची बेल बंद पडली तेव्हा काका म्हणाले होते, "दुरुस्त कशाला करायची? वाजवायला अख्खं दार आहे की." शिलाई मशीनच्या आवाजात दाराची थाप ऐकू येईना, गिऱ्हाइकं परत जायला लागली. शेवटी काकूंनीच वायरमनला बोलावून बेल बसवून घेतली आणि तो गेल्यावर स्वतः बाहेर उभं राहून ती चांगली लांबलचक वाजवली. काका आत पेपर वाचत होते.

"लग्नाच्या वेळी कुठं गेलं होतं हो तुमचं 'कशाला'?" काकू अधूनमधून विचारत.

"तेव्हा तू समोर होतीस," काका म्हणत. "सुचलं नाही."

एकदा मात्र हा शब्द काकूंच्या तोंडून निघाला. काका एके दिवशी कामावरून परतले ते काखेत एक ओलं पिल्लू घेऊन. कुणीतरी झाकण उघडं टाकलेल्या एका जमिनीखालच्या टाकीत ते पडलं होतं. टाकीत गुडघाभरही पाणी नव्हतं, पण जे होतं ते काही केल्या निघून जाईना. काकांनी आत उतरून पाहिलं तर पाणी जायच्या भोकावर हे महाशय बसलेले. म्हणून त्याचं नाव बूच.

"कशाला आणलंत?" काकूंनी विचारलं.

काका पिल्लू पुसायला फडकं शोधू लागले.

बूच मोठा झाला म्हणजे लांबीला झाला. उंचीचं त्याला जमलं नाही. चार आखूड पायांवर ठेवलेलं एक पिंप, एक कान उभा आणि एक पडलेला. लवकरच तो काकांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून कामावर जायला लागला. गाडी म्हणजे मागं पंप, पाइप, शिडी आणि ब्रश भरलेली छोटी व्हॅन. "दिवसभर गाडीत बसतो, खिडकीतून गंमत बघतो," असं काकांनी काकूंना सांगितलं होतं. पहिले काही दिवस ते खरंही होतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. बूचला वर्षाचं इंजेक्शन द्यायला नेलं. म्हाताऱ्या डॉक्टरांनी सवयीप्रमाणे होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या लसी एकाच बैठकीत दिल्या आणि पाठवून दिलं. काका पुढच्या कामाला गेले. काकूंनी एका पँटीची उंची कमी करायला घेतली आणि सहज मशीनखाली पाहिलं, तर तिथं दुसराच कुणी कुत्रा बसला होता. ओठ लोंबलेले, डोळ्यांच्या जागी दोन चिरा, थोबाड फुग्यासारखं टम्म. काकू गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून, बूचला काखोटीला मारून दवाखान्यापर्यंत धावत गेल्या. डॉक्टरांनी सुजेवरचं इंजेक्शन दिलं, हळूहळू सूज उतरली. पण धावताना बूच ज्या तऱ्हेनं श्वास घेत होता तो आवाज काकूंच्या कानातून गेला नाही. त्यांनी त्या दिवशी कानाला खडा लावला. या कुत्र्याला पुन्हा सुई नाही.

वर्ष उलटलं, वर काही महिनेही गेले. म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून निरोप आला की बूचच्या लसी राहिल्या आहेत. काकूंनी तो पुसून टाकला. दुसरा आला तेव्हा फोन नेमका काकांच्या हातात होता.

"अगं, हे काय?"

"जाहिरात असेल."

"यात बूचचं नाव आहे."

"मग बूचला वाचून दाखवा. मी त्याला नेणार नाही."

परगावी नोकरी करणाऱ्या लेकीला फोन लागला आणि मधे टेबलावर ठेवला गेला. लेक म्हणाली, "आई, सगळ्या लसी दे, उगाच जोखीम नको." काकू म्हणाल्या, "तू नव्हतीस इथं. लांब बसून सांगायला काय जातंय?" लेक म्हणाली, "बरं, मग एकही देऊ नकोस." काकू म्हणाल्या, "बघा, पोरगी पण तेच म्हणतेय." काकांनी फोनकडे बघून कपाळाला हात लावला.

काकांच्या दृष्टीनं हे दोन्ही सल्ले आळशी माणसाचे होते. सगळं घासून टाका म्हणणारा आणि काहीच घासू नका म्हणणारा, दोघांनीही टाकीत डोकावलेलं नसतं. ते म्हणाले, "असं करू. डॉक्टरीणबाईंना एकेका लसीचं विचारू. कुठली, कशासाठी, न दिली तर काय. जी लागत नाही ती नाही घ्यायची."

"आणि लागली तर?"

"तेव्हा बघू. आधी विचारू तर दे."

टोचायचं की नाही ते तिथंच ठरवायचं आणि बूचला काकूंनीच धरायचं, या दोन अटींवर काकू निघाल्या.

डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या होत्या. दोन्ही मनगटांवर मांजरांनी ओढलेल्या रेघा, आवाज खणखणीत. सुजेची हकिगत त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "मागच्या वेळी सगळं एकदम दिल्यामुळं कशानं सुजला ते आता सांगता येणार नाही. काकू, तुमची भीती बरोबर आहे. पण तिचं काय करायचं ते एकेक लस घेऊन ठरवू."

"तेच म्हणतोय मी," काका पुढं सरकले. "पहिली कुठली?"

"रेबीज. हिच्याबद्दल घासाघीस नाही. तो रोग झाला की औषध नाही, कुत्र्याला नाही आणि माणसालाही नाही."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी बूचकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "पुढं?"

"डिस्टेंपर, पार्व्हो आणि कुत्र्यांची कावीळ, या तिन्हींवरची एकच लस. जीवघेणे रोग आहेत, लस हवीच. पण पिल्लू असताना याचे सगळे डोस झालेत, नंतरचाही झाला, मागच्या वर्षी पुन्हा मिळाली. हिचा जोर साधारण तीन वर्षं टिकतो. यंदा नाही दिली तरी चालेल."

"बघ!" काका म्हणाले.

"कुत्र्यांच्या खोकल्याची एक असते. तुम्ही याला कधी गावाला जाताना कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवता?"

"आम्हीच कधी कुठं जात नाही," काकू म्हणाल्या. "बेल सुद्धा मी बसवून घेतली." डॉक्टरीणबाईंना बेलचा संबंध कळला नाही, पण त्यांनी ती लस बाजूला ठेवली.

"राहिली लेप्टोची. हे जंतू उंदराच्या लघवीतून पाण्यात उतरतात. साचलेल्या पाण्यात कुत्रा गेला, ते प्यायला, की त्याला होऊ शकतं, आणि त्याच्याकडून घरातल्या माणसांनाही. या लसीचा जोर वर्षभरच असतो, म्हणजे याचा आता संपला. आणि खरं सांगते, लहान चणीच्या कुत्र्यांत सूज येण्याच्या तक्रारी हिच्या बाबतीत जरा जास्त ऐकू येतात. म्हणून ती द्यायची की नाही हे त्याच्या राहणीवर ठरवू. बूच कुठं कुठं जातो?"

"घर ते गाडी, गाडी ते घर," काका म्हणाले.

"दिवसभर गाडीत बसून असतो," काकू म्हणाल्या. "राजा आहे राजा. खिडकीतून बघतो."

काकांनी मान डोलावली. आपण खोटं बोलतोय असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही. घर म्हणजे घर आणि गाडी म्हणजे घराची पुढची खोली असा त्यांचा वर्षानुवर्षांचा हिशेब होता. काम ही जाण्याची जागा असते हेच त्यांच्या डोक्यात नव्हतं. आपण कामावर जातो म्हणजे कुठंतरी जातो असं कुठल्या कामकऱ्याला वाटतं?

"मग ही नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आधी सुजेवरचं औषध देऊन बूचला एकट्या रेबीजची सुई टोचली. काकू बाकावर त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून बसल्या आणि त्याच्या ओठांवरून नजर हलवली नाही. सूज आली नाही. बूचनं कंटाळून जांभई दिली, तेव्हाच काकूंनी हात सोडले.

गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा तुमचं 'कशाला' कुणाच्या कामी आलं."

संसारात काकांना शाबासकी क्वचितच मिळालेली. ही तर नुसती शाबासकी नव्हती, तिची जाहिरात झाली. फॉल लावायला आलेल्या, चेन बदलायला आलेल्या प्रत्येक बाईला काकू सांगू लागल्या, "आमच्या ह्यांनी डॉक्टरांना नीट विचारून घेतलं हो. नाहीतर लोक आपले जे देतील ते टोचून येतात." काका आतल्या खोलीत असले तर या वेळी पेपरचं पान उलटत नसत. आवाज होतो.

मग एका इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीचं काम आलं.

त्या कामाची काकांची एक पद्धत होती. टाकीत उतरायच्या आधी सगळी झाकणं उघडून हवा खेळू द्यायची, आणि मग प्रत्येक पायरी मोठ्यानं बोलायची. ऐकायला पूर्वी एक गडी होता. तो गेल्यापासून बूच होता. "बूच, इनलेट बंद! बूच, पंप बंद! बूच, उतरतोय मी!" बूच तोंडाशी बसून ऐकत असे. तो गाडीतून कधी उतरायला लागला हे काकांनाही आठवत नव्हतं. एकदा उन्हाचा उतरला, एकदा हट्टानं उतरला, नंतर कुणी विचारलंच नाही.

त्या दिवशी इमारतीतला एक रहिवासी उपसलेल्या पाण्याकडे बघत म्हणाला, "काका, एवढं काय घाण आहे त्यात? चांगलं तर दिसतंय."

काकांचं या विषयावर ठरलेलं भाषण होतं. कपाळाचा घाम पुसून ते सुरू झाले, "दिसण्यावर जाऊ नका. हे झाकण बघा, कोपरा फुटलाय. इथून उंदीर आत येतात. येतात ते येतात, आत मुततात. ते पाणी पोटात गेलं, नाहीतर पायाला जखम असली आणि तिथून गेलं, की ताप, कावीळ, मूत्रपिंडं बसतात. मी बघा, गमबूट घातल्याशिवाय, हातमोजे घातल्याशिवाय पाऊल ठेवत नाही. मस्करी नाही ही."

बोलता बोलता त्यांनी गमबूट दाखवायला पाय पुढं केला. गमबुटाशेजारी पंपाच्या पाइपातून सांडलेल्या पाण्याचं एक थारोळं होतं आणि त्यात चारही पाय रोवून बूच लपलप पाणी पीत होता.

"काय झालं काका?" रहिवाशानं विचारलं. भाषण अर्ध्यावरच थांबलं होतं.

"काही नाही," काका म्हणाले. "फुटलेलं झाकण बदलून घ्या."

घरी जाऊन सरळ सांगून टाकायचं, असं त्यांनी वाटेत दोनदा ठरवलं. पण सांगितलं असतं तर दोनच गोष्टी होणार होत्या. एक तर जी सुई काकूंना नको होती तीच टोचावी लागणार, आणि पुन्हा थोबाड सुजलं तर त्याला जबाबदार काका. नाहीतर बूचचं कामावर येणं बंद. शिवाय दुकानात जाहिरात चालू होती. घरी पोचले तेव्हा काकू कुणाला तरी सांगतच होत्या, "आमचे हे म्हणजे विचारल्याशिवाय एक पाऊल टाकत नाहीत." काका मूग गिळून आत गेले.

त्यांनी तिसरा मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "उकाडा फार आहे, याला गाडीत त्रास होतो. राहू दे घरी."

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "मला सोबत."

ती सोबत काही खरी नव्हती. बूच काकांच्या जुन्या चपलेवर हनुवटी ठेवून दाराकडे तोंड करून पडला. बेल वाजली की धावायचा, गिऱ्हाईक दिसलं की तोंड पाडून परत यायचा. "एवढं वाईट तोंड करून आमचं स्वागत करतो तुमचा कुत्रा," एक बाई म्हणाली. त्यानं खाणं अर्ध्यावर आणलं. काकू त्याला म्हणाल्या, "अरे, मी पण याच घरात राहते." बूचनं एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि मिटला.

तिकडं काका मुकाट्यानं काम करत होते. गच्चीवरच्या टाकीशी उभे राहून सवयीनं "बूच" म्हणाले, शेजारी कुणी नाही हे पाहून ओशाळले आणि पुढचं बोललेच नाहीत. भिंतीशी बोलायला आपण काय वेडे आहोत? इनलेट बंद केलं. आत उतरून तळ घासायला घेतला. चांगला जोर लावून घासला.

दुकानातला फोन काकूंनी उचलला. पलीकडे त्या इमारतीचा सेक्रेटरी होता आणि तो ओरडत नव्हता, हेच जास्त वाईट होतं. "काकू, काकांचा फोन लागत नाही. सगळ्या घरांत नळाला चिखल येतोय. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी तोंड धुतलं आणि लेप लावल्यासारखे दिसतायत. काकांनी घासताना घरांकडं पाणी नेणारं आउटलेट बंद नाही केलं."

"आमच्या ह्यांनी?" काकू म्हणाल्या. "शक्यच नाही."

काका घरी आले तेव्हा काकूंनी दुकानाच्या दाराला आतून कडी घातली होती. भर दिवसा दुकान बंद, म्हणजे प्रकरण गंभीर.

"तुम्ही आउटलेट विसरलात? तुम्ही?"

"धुऊन दिले सगळे पाइप. पुन्हा पहिल्यापासून धुतले."

"ते नाही विचारलं मी. विसरलात कसे?"

काका खुर्चीत बसले. बूच येऊन त्यांच्या गमबुटांचा वास घेऊ लागला आणि काकांनी घाईघाईनं गमबूट लांब सरकवले. ते काकूंनी पाहिलं.

"मी ते बोलतो," काका म्हणाले. "काय काय बंद केलं ते. मोठ्यानं. बोललं की राहत नाही."

"कुणाशी बोलता?"

"याच्याशी."

"हा गाडीत असतो ना?"

काकांनी बूचकडे पाहिलं. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं, थारोळ्यासकट.

काकूंनी गळ्यातली मापाची टेप काढून ठेवली. मग म्हणाल्या, "मी डॉक्टरांना राजा म्हणून सांगितलं त्याला. तुम्ही शेजारी मान डोलावत होतात."

"मला तेव्हा वाटलंच नाही गं."

"गमबूट घालताना वाटतं. हातमोजे घालताना वाटतं. आणि गावभर मी तुमच्या हुशारीचे ढोल पिटतेय." त्यांनी बूचला उचलून मांडीवर घेतलं, त्याचा एक पंजा उलटा करून तळवा बघितला, मग दुसरा. "उद्या कुठं आहे काम?"

"जमिनीखालची आहे एक. पण याला नेत नाही मी, शपथ."

"न्यायचं. मी पण येणार. मला बघायचंय हा कुठं कुठं जातो ते."

इतक्या वर्षांत काकूंनी नवऱ्याचं काम पाहिलं नव्हतं. टाकी धुतात म्हणजे काहीतरी मोठी बादली धुतात, असं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. दुसऱ्या दिवशी जमिनीतलं लोखंडी झाकण बाजूला झालं आणि खालच्या काळोखात शिडी सोडली गेली, तेव्हा त्या नकळत दोन पावलं मागं झाल्या. झाकणाच्या कडेला काळे दाणे पडले होते.

"हे काय?"

"उंदराच्या लेंड्या."

काकूंनी काकांच्या गमबुटांकडे पाहिलं, मग बूचच्या पायांकडे. आणि हातातला पट्टा आखूड केला.

"बूच, पंप बंद! बूच, उतरतोय!" म्हणून काका खाली गेले. आधी खांदे दिसेनासे झाले, मग डोकं. खालून आवाज घुमत वर यायला लागला, "बूच, डावा कोपरा झाला! बूच, गाळ फार आहे रे!" बूच तोंडाशी जाऊन बसला. बसला म्हणजे कान तेवढा उभा ठेवून बाकी सगळा सैल पडला. काकूंना हसू आलं. घरी पेपरातून डोकं न काढणारा माणूस इथं नुसता बडबडत होता.

मग आवाज थांबला. ब्रशचा आवाजही थांबला. काकूंच्या ते लगेच लक्षात आलं नाही. त्या झाकणाच्या कडेच्या लेंड्यांकडे बघत होत्या. पण बूच उठला होता. दुसरा, कायम पडलेला कान अर्धा वर आला होता. त्यानं काळोखात मान घातली आणि एकदाच, जाड आवाजात भुंकला.

"आहे, आहे!" खालून आलं. "चष्मा पुसत होतो."

बूच पुन्हा सैल पडला. हे त्या कामात आणखी दोनदा झालं. आपण पट्टा धरून कुत्र्यावर लक्ष ठेवायला आलो आहोत, असं काकूंना वाटत होतं. तिसऱ्यांदा बूच भुंकला तेव्हा त्यांनी पट्टा थोडा सैल सोडला, त्याला तोंडापर्यंत पोचता यावं एवढा. तो पंपाच्या पाण्याकडे वळला की मात्र परत ओढला.

काम संपल्यावर दोघं गाडीत बसली. मधे बूच.

"खाली तुम्हाला काही झालं तर?" काकूंनी विचारलं.

"बूच आहे ना."

"बूच काय फोन लावणार?"

"भुंकेल. कुणीतरी येईल."

"माणूस का नाही ठेवत?"

"होता की. मी खाली, तो वर, आणि कायम फोन त्याच्या कानाला. एकदा मी खालून चार हाका मारल्या तर म्हणतो, थांबा काका, बोलतोय." काकांनी गाडी सुरू केली. "बूच फोनवर बोलत नाही."

"तरी माणूस बघायचा," काकू म्हणाल्या. "भुंकणं ऐकून येणारा कुणी जवळ नसला तर? चांगला बघायचा. आणि हा असेलच वर." थोड्या वेळानं म्हणाल्या, "इकडं कुठं वळताय? दवाखाना डावीकडं आहे."

डॉक्टरीणबाईंपुढं काका घसा साफ करत होते. त्यांनी सुरुवात करायच्या आत काकू म्हणाल्या, "डॉक्टर, मागच्या वेळी आम्ही चुकीचं सांगितलं. हा सगळीकडे जातो."

काकांनी 'आम्ही' ऐकलं आणि घसा साफ करणं थांबवलं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळं विचारलं. टाक्या कसल्या, उंदीर असतात का, पाणी पितो का. या वेळी काकांनी न विचारलेलंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरीच ठेवणार असाल तर अजूनही नाही दिली तरी चालेल. कामावर नेणार असाल तर द्यायला हवी. मध्ये खंड पडलाय म्हणून दोनदा, काही आठवड्यांच्या अंतरानं. सूज येईलच असं नाही, येणार नाही अशी हमी मी देणार नाही. औषध आधी देऊ, तुम्ही इथंच थांबा. आणि या लसीत सगळ्या जातींचे जंतू येत नाहीत. ती दिली म्हणून गटाराचं पाणी प्यायला मोकळा, असं नाही."

"घरी ठेवता येईल," काका हळूच म्हणाले. "तुला नको असेल तर राहू दे. मी बोलीन भिंतीशी."

काकू बूचच्या थोबाडाकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढं ते कुठलं थोबाड होतं, टम्म फुगलेलं की काळोखात घातलेलं, ते त्यांनाच ठाऊक. "द्या," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे हनुवटीनं खूण करून म्हणाल्या, "आणि ह्यांच्यासाठी काही आहे का? हे पण त्याच पाण्यात असतात."

"काकू, मी जनावरांची डॉक्टर आहे."

"चालेल. फारसा फरक नाही."

"त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "आणि गमबूट सोडू देऊ नका."

सुई टोचताना या वेळी बूचला काकांनी धरलं. काकू समोर वाकून त्याच्या ओठांकडे बघत राहिल्या. मग तिघं बाकावर बसली. एक मांजर आलं आणि ओरडत गेलं, एक पोपट आला. काकांना दोन फोन आले. दोघांनाही त्यांनी सांगितलं, आज जमणार नाही, कुत्रा सुजतो का ते बघायचंय. मधेच बूचनं कान खाजवला आणि काकू ताडकन उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी येऊन तोंड, पापण्या, पोट सगळं चाचपलं. काही नव्हतं, नुसता कानच खाजत होता. घरी आल्यावरही काकूंनी त्या दिवशी मशीन चालवलं ते पाय एकीकडे आणि नजर खाली ठेवून. एका पँटीचा एक पाय आखूड झाला.

दुसऱ्या वेळी एका डोळ्याची पापणी जरा जड झाली. दवाखान्यातच होते, लगेच इंजेक्शन मिळालं, घरी पोचेपर्यंत उतरली. काकू घाबरल्या, पण धावल्या नाहीत. पुढच्या वर्षी काय करायचं ते पुढच्या वर्षी ठरवायचं आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, तेव्हाही पहिला प्रश्न तोच विचारीन, बूच कुठं कुठं जातो? काकू म्हणतात, उत्तर मी देईन.

टाकीच्या तोंडाशी आता एक माणूसही असतो. कामाला घेण्याआधी काकूंनी त्याला बोलावून फोन कुठं ठेवतोस ते विचारून घेतलं होतं. काका अजूनही हाक बूचलाच मारतात, पण उत्तर दोघंही देतात. बूचसाठी गाडीत घरच्या पाण्याची बाटली आणि एक वाडगा असतो. काम सुरू व्हायच्या आधी त्याला पोटभर पाजायचं, म्हणजे तहान राहत नाही, हा काकूंचा नियम. तो वाडग्यातलं पाणी पितो. पिताना बघत मात्र असतो पंपाखालच्या थारोळ्याकडे.